स्तन-शस्त्रक्रियेनंतरची मज्जातंतूवेदना : एका विलंबित नोंदीचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया जितकी जुनी, तितकीच तिच्यामागून येणारी वेदनाही जुनी असली पाहिजे. तिची वैद्यकीय नोंद मात्र फार उशिरा झाली. हा विलंब वैद्यकाच्या अज्ञानातून झाला, असे म्हणणे कठीण आहे. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांना तपासून फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल यांनी १८६४ व १८७२ मधील ग्रंथांत, जखम भरल्यावरही जाळत राहणाऱ्या मज्जातंतूवेदनेचे सविस्तर वर्णन केले होते. त्याच शहरात १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी नेमले. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. स्तनाचे दुखणे पुरुष डॉक्टरपुढे उघड करण्याचा संकोच लक्षात घेता ही हानी केवळ एका पदापुरती नव्हती.

१८९४ मध्ये हॉलस्टेड यांनी पन्नास रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याच्या या पद्धतीचे यश गाठ पुन्हा उद्भवली की नाही, यावर मोजले गेले. रुग्ण जगली, एवढे पुरेसे होते! दुसऱ्या बरगडीखालील मज्जातंतूची एक शाखा काख ओलांडून दंडाच्या आतील त्वचेला संवेदना पुरवते. ग्रंथी काढताना ती ताणली वा कापली जाते. मग तीच त्वचा बधिरही होते आणि जळतेही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्ण दीर्घकाळ जगू लागल्या, तेव्हा कुठे या तक्रारीकडे लक्ष गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांनी वेदना असल्याचे सांगितले.

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावात हा प्रश्न भाषेचाही आहे. ठणका, चमक, आग, मुंग्या, बधिरपणा हे शब्द बोलीत वेगवेगळे आहेत. केसपेपरवर मात्र त्या सर्वांचे ‘दुखते’ एवढेच होते. वस्तुतः २००५ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेली मज्जातंतूवेदनेची प्रश्नावली जळजळ, विजेसारखा झटका, मुंग्या, बधिरता यांविषयी स्वतंत्रपणे विचारते. उपचारही त्यावरच ठरतो : साध्या वेदनाशामक गोळीने न शमणारी ही आग अॅमिट्रिप्टिलीन वा गॅबापेन्टिनसारख्या औषधांनी कमी होऊ शकते. तोवर दुखतो म्हणून हात अंगाशी धरला जातो, खांदा आखडतो आणि वैरणीचा भारा डोक्यावर चढवणे अशक्य होते.