'ए फेअरवेल टु आर्म्स' : युद्धवैद्यकाचा एक ललित पुरावा

युद्धाच्या छायेतील प्रेम हा विषय मराठी वाचकास अपरिचित नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नावात रणांगण असले तरी तिची कथा घडते ती बोटीवर. तीपूर्वी दहा वर्षे, १९२९ साली, अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाने 'ए फेअरवेल टु आर्म्स' या कादंबरीत प्रेमकथा प्रत्यक्ष आघाडीवर, जखमी सैनिक आणि शल्यवैद्य यांच्या सान्निध्यात नेऊन ठेवली. तिच्या वाङ्मयीन गुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस येथे एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे की, ही कादंबरी इतिहासाचे साधन मानावयाची झाल्यास ती नेमकी कशाची साक्ष देते?

कथेचा नायक फ्रेडरिक हेन्री हा इटलीच्या सैन्यातील रुग्णवाहिका-पथकात असलेला अमेरिकन लेफ्टनंट. इंग्रज परिचारिका कॅथरीन बार्क्ली हिच्यावर त्याचे प्रेम जडते. तोफगोळ्याने पाय जायबंदी होऊन तो मिलानच्या रुग्णालयात येतो. बरा होऊन आघाडीवर परततो. आणि कापोरेत्तोच्या पराभवानंतरच्या पळापळीत सैन्य सोडून कॅथरीनसह स्वित्झर्लंड गाठतो. तेथे लोझान येथे बाळंतपणात मूल व माता दोघेही दगावतात.

कापोरेत्तोची लढाई २४ ऑक्टोबर १९१७ रोजी सुरू झाली. इसोंत्सो नदीवरील इटालियन फळी मोडली, सैन्य पियावे नदीपर्यंत मागे हटले आणि अडीच लाखांहून अधिक सैनिक शत्रूच्या हाती कैद झाले. कादंबरीतील माघारीचे वर्णन इतके प्रत्ययकारी आहे की, लेखक तेथे हजर होता असाच अनेकांचा समज झाला. वस्तुस्थिती निराळी आहे. हेमिंग्वे इटलीत पोहोचले ते जून १९१८ मध्ये, म्हणजे त्या पराभवानंतर सात महिन्यांनी. मायकेल रेनल्ड्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे वर्णन ग्रंथ, नकाशे व वृत्तपत्रे यांच्या आधारे कसे उभे राहिले, हे दाखवून दिले आहे. १९२२ साली थ्रेसमधून चिखलातून निघालेले निर्वासितांचे तांडे हेमिंग्वे यांनी वार्ताहर म्हणून स्वतः पाहिले होते. तो अनुभवही येथे कामी आला. तेव्हा लढाईपुरती ही कादंबरी प्रत्यक्षदर्शी पुरावा ठरत नाही.

जखमेच्या बाबतीत मात्र तसे नाही. ८ जुलै १९१८ रोजी पियावेकाठी फोस्साल्ता येथे सैनिकांना चॉकलेट व सिगारेटी वाटीत असता तोफगोळा फुटून हेमिंग्वे गंभीर जखमी झाले. त्या वेळी त्यांच्या वयास एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मिलानमधील अमेरिकन रेड क्रॉसच्या रुग्णालयात ॲग्नेस फॉन कुरोव्स्की या परिचारिकेशी त्यांचा स्नेह जुळला, आणि मार्च १९१९ मध्ये तिच्या पत्राने तो तुटला. कॅथरीनच्या व्यक्तिरेखेत तिचा अंश आहे, हे सर्वमान्य आहे.

या अनुभवातून आलेली वैद्यकीय दृश्ये इतिहासकाराने बारकाईने वाचण्यासारखी आहेत. जखमी नायकाला रुग्णवाहिकेतून नेत असता वरच्या स्ट्रेचरवरील सैनिकाचे रक्त त्याच्या अंगावर ठिबकू लागते. चालक एकटाच, त्याला स्ट्रेचर खाली उतरविता येत नाही. ठिबकणे मंदावते आणि वरचा सैनिक मरतो. गोळीइतकाच आघाडीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा वेळही जीव घेत होता, ही त्या युद्धाच्या वैद्यकाची मूळ अडचण या एका प्रसंगात आली आहे. पुढे मिलानमध्ये नायकाच्या गुडघ्याचे क्ष-किरण छायाचित्र काढतात. तिघे डॉक्टर सहा महिने थांबावयास सांगतात. डॉक्टर वालेंतिनी दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करण्यास तयार होतो. नायकाचा पाय वाचतो.

हा पाय वाचणे योगायोग नव्हता. त्या चार वर्षांत सैनिकांच्या जखमांसाठी राष्ट्रांनी आपली बुद्धी व द्रव्य पणास लावले होते. कॅरेल व डेकिन यांनी दूषित जखमा धुण्याची पद्धत बसविली. टॉमस स्प्लिंटमुळे मांडीचे हाड मोडलेले सैनिक जगू लागले. १९१४ मध्ये सोडियम सायट्रेटने रक्त गोठू न देण्याची युक्ती साधली आणि १९१७ मध्ये ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी फ्रान्समधील आघाडीवर साठविलेले रक्त सैनिकांना दिले.

आता शेवटच्या प्रकरणाकडे वळू. लोझानला तोफ नाही, चिखल नाही. स्वच्छ रुग्णालय आहे, तज्ज्ञ डॉक्टर आहेत. कॅथरीनचे पोट चिरून मूल काढतात, ते मृत निघते. त्यानंतर तिला रक्तस्राव सुरू होतो आणि तो कोणालाही थांबविता येत नाही. रुग्णवाहिकेतला सैनिक ज्या कारणाने मेला, त्याच कारणाने ती मरते. हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, असा आक्षेप घेतला जातो; तो आम्हांस मान्य नाही. कादंबरीचे लेखन चालू असतानाच, २८ जून १९२८ रोजी, हेमिंग्वे यांच्या पत्नी पॉलीन यांना कॅन्सस सिटी येथे दीर्घ प्रसववेदनांनंतर शस्त्रक्रिया करून मुलगा झाला. त्या वाचल्या, पण प्रसूतीतील धोका लेखकाने जवळून पाहिला होता.

आकडेही त्याच्याच बाजूचे आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये शतकाच्या आरंभापासून १९३५ च्या सुमारापर्यंत दर हजार जन्मांमागे चार ते पाच माता दगावत, आणि या प्रमाणात फारसा उतार पडला नाही. तो पडला सल्फा औषधे आल्यावर. रक्तपेढीही नागरी रुग्णालयात आली ती उशिरा. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी ती १९३७ साली उभारली. आघाडीवरील तंबूत १९१७ मध्ये जे साधले, ते प्रसूतिगृहात येण्यास वीस वर्षे लागली.

म्हणून आमच्या मते ही कादंबरी कापोरेत्तोपेक्षा या तफावतीची साक्ष अधिक खात्रीने देते. फॅसिस्ट राजवटीने इटलीत तिच्यावर बंदी घातली ती माघारीच्या वर्णनामुळे. शेवटच्या प्रकरणातील आरोप कोणा एका राष्ट्रावर नसल्याने तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. युद्धातील मृतांच्या याद्यांत कॅथरीनसारख्या स्त्रियांची गणना होत नाही. पहिल्या महायुद्धाचा इतिहास शिकविणाऱ्यांनी लढायांच्या सनावळीबरोबर हे शेवटचे प्रकरणही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि रुग्णवाहिकेच्या प्रसंगाशेजारी ते वाचून दाखवावे, अशी आमची सूचना आहे.