शांतता आणि युद्धविराम (कोरिया)

युद्ध थांबले म्हणजे शांतता झाली, असे नव्हे. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग केवळ हिंसा थांबलेल्या स्थितीला अभावात्मक शांतता म्हणतात. कोरियात तीही कशीबशी टिकली आहे. पानमुनजोम येथे २७ जुलै १९५३ रोजी सकाळी दहाला युद्धविराम करारावर सह्या झाल्या. अंमल मात्र बारा तासांनी सुरू व्हायचा असल्याने तोफा दिवसभर धडधडतच होत्या. दक्षिण कोरियाने सही केलीच नाही. पुढच्या वर्षीच्या जिनीव्हा परिषदेतही तह झाला नाही. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २३,००० युद्धकैद्यांचा सांभाळ मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या भारतीय दलाने केला; या अवघड कामगिरीची आपल्याकडे व्हावी तितकी आठवण होत नाही. उत्तर आणि दक्षिण कोरियामध्ये आजही चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आहे. त्यातील दक्षिणेकडच्या देसाँग-दाँग गावातले शेतकरी सैनिकांच्या पहाऱ्यात भात पिकवतात आणि रात्री संचारबंदी पाळतात. २०१८ मध्ये दोन्ही कोरियांच्या नेत्यांनी त्याच वर्षी युद्धसमाप्ती जाहीर करण्याचे ठरवले; ती घोषणा झाली नाही, आणि १९५३ चा करारच लागू राहिला.