हंस : भारतीय धर्म व पुराणकथांतील प्रतीक

हंस : भारतीय धर्म, तत्त्वज्ञान व पुराणकथा यांत सूर्य, प्राण, जीवात्मा, परमात्मा, विवेक आणि संन्यास ह्या अर्थांनी आलेले एक प्राचीन पक्षिप्रतीक. दूध व पाणी वेगळे करणारा विवेकी पक्षी म्हणून हंस आज सर्वपरिचित आहे; तथापि हा अर्थ रूढ होण्यापूर्वीच, ऋतुमानाप्रमाणे येणारा व जाणारा पक्षी ह्या नात्याने, तो देहात वास करून निघून जाणाऱ्या आत्म्याचे प्रतीक बनला होता. ह्या प्रतीकाचा गाभा पक्ष्याच्या शुभ्रतेपेक्षा त्याच्या संचारात आहे.

पक्ष्याची ओळख : ‘हंस’ हा शब्द लॅटिन ‘आन्सर’, जर्मन ‘गान्स’ व इंग्रजी ‘गूज’ ह्या शब्दांशी सगोत्र आहे. हे सर्व शब्द कलहंसवर्गीय पक्ष्यांचे वाचक असून लांब, बाकदार मानेच्या शुभ्र पक्ष्याचे (इंग्रजी ‘स्वान’) नव्हेत. तो शुभ्र पक्षी भारतात क्वचितच, तोही हिवाळ्यात वायव्येकडे आढळतो. याउलट डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेटच्या पठारावरील व लडाखमधील सरोवरांकाठी वीण करतो, हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात उतरतो आणि उन्हाळ्याच्या सुमारास परततो. महाराष्ट्रात जायकवाडी व उजनी येथील जलाशयांवर तो दिसतो. ऋग्वेदात मरुतांना नीलपृष्ठ हंसांची उपमा दिली आहे. हे वर्णनही संपूर्ण शुभ्र पक्ष्याला लागू पडत नाही. अमरकोशात मात्र शुभ्र शरीर आणि तांबडी चोच व पाय ही राजहंसाची लक्षणे सांगितली आहेत. प्रत्यक्ष निरीक्षण व कविसंकेत यांची सरमिसळ तोपर्यंत झाली असावी. जे. पी. व्होगेल ह्या डच पुरातत्त्वज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वाङ्मय व शिल्प यांच्या आधारे ‘हंस’ म्हणजे मूलतः कलहंसवर्गीय पक्षी होय, असे प्रतिपादन केले.

वैदिक वाङ्मय : ऋग्वेदात हंसांच्या रांगेने उडण्याचा उल्लेख असून दिव्य अश्वांच्या पंक्तीस त्यांची उपमा दिली आहे. चौथ्या मंडलातील एका प्रसिद्ध ऋचेत तेजाच्या आकाशस्थ रूपाला हंस म्हटले आहे. हीच ऋचा पुढे कठोपनिषदात आत्मपर अर्थाने आली. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील प्राणसूक्तात हंस पाण्यातून वर उठताना आपला एक पाय उचलत नाही, तो त्याने उचलला तर ‘आज’ आणि ‘उद्या’, रात्र आणि दिवस यांपैकी काहीच उरणार नाही, अशी कल्पना आहे. सूर्याचे भ्रमण व शरीरातील प्राणाचे चलन ही दोन्ही येथे एकाच पक्ष्याच्या रूपाने पाहिली आहेत. उपनिषदांतील विचाराचे बीज ह्या कल्पनेत आढळते.

उपनिषदे : बृहदारण्यकोपनिषदात स्वप्नावस्थेचे वर्णन करताना पुरुषाला एकाकी हंस म्हटले आहे. तो देहरूपी घरट्याच्या रक्षणासाठी प्राणाला ठेवून बाहेर पडतो, इच्छेनुसार संचार करतो आणि परत येतो. श्वेताश्वतरोपनिषदात जीवरूपी हंस ब्रह्मचक्रात भ्रमण करतो. आपण व आपला प्रेरक भिन्न आहोत, असे मानतो तोवर त्याचे भ्रमण चालते आणि त्या प्रेरकाचा अनुग्रह झाल्यावर तो अमृतत्व पावतो. त्याच उपनिषदात अन्यत्र विश्वाच्या मध्यभागी असलेल्या एकमेव परमात्म्यासही हंस ही संज्ञा आहे. जीव व ब्रह्म या दोहोंना एकच नाव मिळाल्याने अद्वैत विचाराला ते सोयीचे ठरले. छांदोग्योपनिषदात हंस सत्यकाम जाबालाला ब्रह्माच्या एका पादाचा उपदेश करतो; शंकराचार्यांनी शुभ्रता व उड्डाण या साम्यांवरून तेथील हंस म्हणजे सूर्य, असे भाष्य केले आहे.

योग व संन्यास : योगग्रंथांनी ‘हंस’ ह्या शब्दाचीच फोड केली. ‘ह’ ह्या ध्वनीने श्वास बाहेर पडतो व ‘स’ ह्या ध्वनीने आत येतो. म्हणून प्रत्येक जीव नकळत हा मंत्र जपत असतो, असे मानले गेले. ह्याला अजपाजप म्हणतात. अहोरात्रात हा जप २१,६०० वेळा घडतो, अशी गणना आहे. म्हणजे मिनिटाला १५ श्वास होतात. हाच मंत्र उलट क्रमाने ‘सोऽहम्’ (तो मीच) असा होतो. संन्याशांच्या कुटीचक, बहूदक, हंस व परमहंस अशा चार श्रेणींतही हा शब्द आला आहे. एका जागी घर न करणाऱ्या पक्ष्याचे नाव परिव्राजकाला साजेसे होते. रामकृष्ण परमहंस (१८३६–८६) यांच्या नावामुळे ‘परमहंस’ ही संज्ञा आधुनिक काळात सर्वतोमुखी झाली.

नीरक्षीरविवेक : ह्या संकेताचा उगम यजुर्वेदात सापडतो, परंतु तेथे पाण्यातून दूध वेगळे पिणारा पक्षी क्रुंच् (क्रौंच) असून हंस पाण्यातून सोम वेगळा पितो. पुढील काळात क्रौंचाचा हा गुण हंसाकडे आला आणि अभिजात संस्कृत काव्यात तो सुभाषितांचा आवडता विषय ठरला. क्षीर म्हणजे कमळाच्या देठातील दुधासारखा रस, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. कोणताही पक्षी दुधातील पाणी वेगळे करू शकत नाही. तथापि सार घेऊन असार टाकणे, हा ज्ञानी पुरुषाचा धर्म ह्या संकेताने लोकमानसात दृढ केला.

पुराणकथा व काव्य : हंस हे ब्रह्मदेवाचे वाहन होय. सरस्वतीचे वाहन म्हणूनही तो प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात मयूरवाहिनी सरस्वतीही परिचित आहे. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात सनकादिकांच्या प्रश्नाने ब्रह्मदेव निरुत्तर झाल्यावर विष्णू हंसरूपाने त्यांना उपदेश करतो. निंबार्क संप्रदाय आपली गुरुपरंपरा ह्या हंसापासूनच मानतो. लिंगोद्भवाच्या कथेत मात्र हंसरूप घेतलेल्या ब्रह्मदेवाला ज्योतिर्लिंगाचा वरचा अंत सापडत नाही. ज्ञानाच्या पक्ष्यालाही मर्यादा आहे, हे ह्या शैव कथेने सूचित केले. महाभारतातील नलोपाख्यानात हंस प्रेमदूत असून मराठीत रघुनाथ पंडितांच्या दमयंती-स्वयंवर ह्या आख्यानकाव्याने तो लोकप्रिय केला. पावसाळ्याच्या प्रारंभी हंस मानसरोवराकडे जातात, ह्या संकेताचा उपयोग कालिदासाने मेघदूतात केला आहे. पट्टकादंबाचे परतणे त्याहून आधी होत असले, तरी दिशा हिमालयापलीकडचीच आहे.

शिल्प व चित्र : लौरिया नंदनगढ येथील अशोकस्तंभाच्या शीर्षाखालील पट्टात हंसांची रांग कोरलेली आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात हंसजातकाची कथा चित्रित असून दुसऱ्या लेण्यातील हंसपंक्ती प्रसिद्ध आहे. हळेबीड येथील होयसळेश्वर मंदिराच्या (बारावे शतक) भिंतींवरही हंसांचा पट्ट आढळतो. प्राचीन शिल्पांतील हे पक्षी बहुधा आखूड मानेचे व भरदार अंगाचे आहेत. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या ‘हंस-दमयंती’ ह्या चित्रात मात्र लांब मानेचा शुभ्र पक्षी दिसतो. अशा चित्रांनी आणि पुढे छापील देवप्रतिमांनी तेच रूप घरोघरी पोहोचविले व मूळचा स्थलांतरी पक्षी विस्मृतीत गेला. ‘हंस उडाला’ म्हणजे प्राण गेला, हा अर्थ भारतीय भाषांतील भजनांतून मात्र टिकून राहिला असून उपनिषदांतील घरटे सोडणाऱ्या हंसाशी त्याचे नाते स्पष्ट दिसते.