शिकवण्यासाठी जन्मलेला पडदा

प्लाझ्मा पडदा म्हटला की श्रीमंतांचा दिवाणखाना आठवतो. प्रत्यक्षात त्याचा जन्म शिक्षणासाठी झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संगणकाद्वारे शिकवण्याची ‘प्लेटो’ ही यंत्रणा उभी राहत होती. चित्रनलिकेवरील चित्र क्षणात विझते, म्हणून ते सतत पुन्हा रेखाटावे लागते. त्यासाठी ते स्मृतीत साठवावे लागे, आणि त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. मग पडद्यानेच चित्र लक्षात ठेवले तर?

१९६४ साली डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तसा पडदा घडवला. दोन काचांमध्ये वायूचे बारीक कप्पे होते. एकदा पेटलेला कप्पा, भिंतीवर साचणाऱ्या विद्युतभारामुळे, मुद्दाम विझवीपर्यंत तेवत राही. १९७२ च्या सुमारास ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असे नारिंगी पडदे विद्यार्थ्यांसमोर आले.

१९९७ मध्ये ४२ इंची रंगीत संच विक्रीस आले, तेव्हा किंमत दहा हजार डॉलरहून अधिक होती. वीजही बरीच लागे. तोवर स्मृती स्वस्त झाली होती, त्यामुळे पडद्याचा मूळ गुण बिनमोल ठरला होता. पुढे द्रवस्फटिक पडदे स्वस्त झाले आणि २०१३-१४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा संच बनवणे सोडले. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवताना, ते कोणत्या अडचणीवरचा उपाय होते, हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे.