तोफेची दारू आणि तिची चणचण

मंडई आजच्या जागी १८८६ साली आली. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढे भरे. त्या वाड्याच्या धन्यांना मोठी विवंचना दारूची. (पिण्याची नव्हे, तोफेची!) कोळसा रानात हवा तितका, गंधक मात्र बंदरातून यावयाचा. बिहारच्या उत्तम सोऱ्याचा मक्ता १७५८ साली इंग्रजांच्या कंपनीने मिळविला. खारवट माती धुऊन, पाणी आटवून सोरा काढता येतो. पण हा पर्याय आम्ही दुय्यमच मानू. त्यात मिठाचा अंश राहिला तर दारू ओल ओढते आणि ऐन लढाईत पेटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, दारूखाना घरांपासून दूर असावा आणि दारू आठ-पंधरा दिवसांनी उन्हात काढावी, अशी ताकीद आहे. ती उगीच नव्हे.