छाप : जाहिरातीतील चित्र, शब्द आणि उसना विश्वास

मराठीतील 'छाप' या एका शब्दात जाहिरातीचा बराचसा इतिहास दडलेला आहे. छाप म्हणजे ठसा, छाप म्हणजे छपाई, छाप म्हणजे व्यापारी चिन्ह. आणि एखाद्या माणसाची 'छाप पडते' असे आपण म्हणतो तेव्हा छाप म्हणजे प्रभाव. 'जाहिरात' हा शब्द मात्र काहीसा भाबडा आहे. अरबीतील 'जाहिर' म्हणजे उघड, प्रकट. जे झाकलेले आहे ते उघड करणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. दवंडी पिटणारा गावकामगार हे काम शतकानुशतके करीत होता. पण दवंडी ऐकून गावाला बातमी कळत असे, गावाच्या मनात नवी इच्छा उत्पन्न होत नसे. उघड करण्यापासून छाप पाडण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. आमचा विषय मराठी असल्याने आमचे लक्ष मुख्यतः शब्दांकडे राहील. परंतु आपल्याकडे जाहिरातीचा आरंभ शब्दांपासून नव्हे, चित्रापासून झाला हे आधीच सांगितले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड मुंबई बंदरात उतरत असे तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर कधी हत्ती, कधी वाघ, कधी राजदरबार, तर कधी लक्ष्मी किंवा कृष्ण. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शंभरांत सुमारे पाच एवढेच होते. गिऱ्हाइकाला कंपनीचे नाव वाचता येत नव्हते, पण 'हत्ती छाप' मागता येत होते. तेव्हा चित्र हे अक्षराच्या जागी आले. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही तीच रीत उचलली. स्वीडन आणि जपानमधून येणाऱ्या आगपेट्यांवरही आपल्या देवदेवता विराजमान झाल्या. ज्यांनी ही चित्रे छापून पाठवली त्यांचा आपल्या देवांवर विश्वास नव्हता. आपला आहे, एवढे त्यांना ठाऊक होते आणि तेवढे पुरेसे होते.

याच सुमारास दुसरी एक घटना घडली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या कारखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींनी घराघरांत प्रवेश केला. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांच्या भिंतीवरही देव आले, हे या छपाईचे मोठे सामाजिक कार्य होय. परंतु तसबीर एकदा शेकड्यांनी छापली जाऊ लागली की तिच्या खाली कोणाचे नाव घालायचे हा फक्त व्यवहाराचा प्रश्न उरतो. लवकरच तीच चित्रे कॅलेंडरांवर आली आणि त्यांच्या पायाशी साबण, औषधे, बालकांचे अन्न यांची नावे आली. रांगणाऱ्या बाळकृष्णाच्या हाती ग्राइप वॉटरची बाटली दिसू लागली. हे कॅलेंडर लोक वर्ष संपल्यावरही फेकून देत नसत. देवाचे चित्र फेकायचे कसे? भिंतीवर राहिलेल्या देवाबरोबर कंपनीचे नावही भिंतीवर राहिले. गिऱ्हाइकाने जाहिरात विकत घेतली नाही, पण तिची पूजा केली.

येथे आम्हांला जाहिरातीचे पहिले सूत्र सापडते. जाहिरात स्वतः विश्वास निर्माण करीत नाही. समाजात आधीपासून असलेला विश्वास ती उसना घेते. भक्ती, मातेची काळजी, प्रतिष्ठेची ओढ ही सारी समाजाची ठेव आहे, आणि जाहिरातदार तिच्यावर कर्ज काढतो. प्रश्न असा की, हे कर्ज तो फेडतो काय?

१९०५ च्या वंगभंगानंतर या ठेवीत एका नव्या विश्वासाची भर पडली : स्वदेशी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, आणि 'स्वदेशी' हे विशेषण एकाएकी मोलाचे झाले. तळेगावचा पैसाफंडाचा काच कारखाना, कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील, ही त्या काळाची अपत्ये. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा त्या एका वस्तूत देशाभिमान आणि सोवळे यांची गाठ पडली. पुढे या साबणाच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांचा अभिप्राय छापला गेला. देवाच्या जागी देशाचा महापुरुष आला, इतकेच.

या उसनवारीची परिसीमा १९२१ मध्ये दिसते. कोणी एकाने महात्मा गांधींचे नाव आणि चित्र असलेल्या सिगारेटी बाजारात आणल्या. त्या वर्षाच्या जानेवारीत गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून याचा निषेध केला. आपल्या नावाच्या जितक्या विटंबना झाल्या त्यांत ही सर्वांत मानहानिकारक, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. गिरणीच्या कापडावर 'खादी'चा शिक्का मारून ते विकण्याविरुद्धही त्यांना वारंवार बोलावे लागले. ज्या माणसाने व्यसनाविरुद्ध उभा जन्म घालवला त्याचेच नाव व्यसन विकण्यास चालते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जाहिरातीला विचाराशी कर्तव्य नसते, विचाराभोवतीच्या तेजोवलयाशी असते.

तथापि, सारीच जाहिरात उसनवारीवर चालते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. येथे उसना घ्यायला विश्वासच नव्हता. होता तो अविश्वास. तो दूर करण्यासाठी नांगर शेतात चालवून दाखवावा लागला, समजावून सांगावे लागले. १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे मुळात कारखान्याचे वार्तापत्र. पण शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे रूपांतर महाराष्ट्रातील एका प्रभावी मासिकात झाले, आणि १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघाले. नांगराच्या जाहिरातीतून निघालेली वाट स्त्रीशिक्षणाच्या आणि विवेकवादाच्या चर्चेपर्यंत पोहोचली. ही जाहिरात वाचकाला शहाणा करीत होती, कारण वाचक शहाणा झाल्याशिवाय तिचा माल खपणार नव्हता. जाहिरातीचे मूल्यमापन करण्यास ही कसोटी आम्हांला अजूनही उपयुक्त वाटते : हिचा माल आपल्या शहाणपणावर खपतो की आपल्या अजाणतेपणावर?

१९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाला ही कसोटी लावून पाहावी. मूळ नाव 'दादा'. लीव्हर कंपनीने त्यात आपले 'ल' हे आद्याक्षर घातले आणि 'डालडा' झाले, असे सांगितले जाते. पिवळ्या डब्यावर ताडाचे झाड, गावोगाव फिरणारी गाडी, जागेवर तळून दाखवलेले पदार्थ, अशी मोठी मोहीम निघाली. पण आमच्या मते त्या मालाचे खरे यश एका शब्दात होते. रसायनक्रियेने घट्ट केलेल्या तेलाला लोक 'वनस्पती तूप' म्हणू लागले. तूप दुधापासून होते, वनस्पतीपासून नव्हे. तरीही ही दोन पदे शेजारी बसली आणि तुपाची सारी पुण्याई तेलाला मिळाली. गांधीजींसह अनेकांनी वनस्पतीला विरोध केला, त्याचे एक कारण नेमके हेच होते. व्याकरणाच्या दृष्टीने हा केवळ एक समास. व्यवहारात तो करोडोंचा धंदा ठरला.

१९४१ हे आणखी एक महत्त्वाचे वर्ष. 'कंगन' आणि 'बंधन' या चित्रपटांनी गाजलेल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. त्या पदवीधर होत्या, मराठी रंगभूमीवरून आल्या होत्या. घरंदाज स्त्रीने चित्रपटात जावे की नाही याचा वाद अजून मिटला नव्हता, अशा काळात एक सुशिक्षित मराठी स्त्री सौंदर्याचे प्रमाण म्हणून सर्व देशापुढे उभी राहिली. यात काही अंशी मुक्तीही होती, हे नाकारता येणार नाही. पण त्याचबरोबर देवी आणि महापुरुष यांच्या जागी तारका आली, आणि श्रद्धेची जागा तुलनेने घेतली. देवीच्या चित्रापुढे हात जोडले जात. तारकेच्या चित्रापुढे आरसा पाहिला जाऊ लागला.

या आरशाची गोष्ट पुढे बरीच लांबली. १९७५ मध्ये गोरेपणाची मलम बाजारात आली, तेव्हा तिने काही नवी कल्पना आणली असे समजू नये. वर्तमानपत्रांतील वधू-वरांच्या छोट्या जाहिराती काढून पाहाव्यात : 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' ही विशेषणांची तिकडी तेथे आधीपासून नांदत होती. आपल्या घरांतला हा दुराग्रह मलमेने उसना घेतला आणि व्याजासह परत केला. २०२० मध्ये त्या मलमेच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढला गेला आणि 'उजळपणा' आला. शब्द बदलला ; शब्दामागची इच्छा बदलली काय, याचे उत्तर विवाहमंडळांच्या यादीत शोधावे लागेल.

मधल्या काळात राज्यसंस्था अगदीच स्वस्थ नव्हती. १९५४ मध्ये औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात अशा ५४ व्याधी-अवस्थांची यादी आहे की ज्यांवर हमखास उपायाची जाहिरात करता येत नाही. १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशा जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात मात्र व्यापारी अभिव्यक्तीही त्या स्वातंत्र्यात मोडते असा निर्णय झाला. फसव्या जाहिरातीला अर्थातच ते संरक्षण नाही. म्हणजे जाहिरात आता कायद्यानेही 'वाणी' झाली. वाणी झाली म्हणजे तिला अर्थ विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला मिळाला.

माध्यमेही बदलत गेली. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या, १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर. अक्षरओळख नसलेल्यांसाठी ताग्यावर हत्ती चिकटवणारी युक्ती सुरांच्या आणि हलत्या चित्रांच्या रूपाने परतली, आणि ती आता साक्षरांवरही तितकीच चालते. मात्र कायद्याच्या भीतीने जाहिरातीची भाषा फार सावध झाली आहे, आणि येथेच भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते.

काही नमुने पाहा. 'केस गळणे थांबवण्यास मदत करते.' यातील क्रियापद 'थांबवणे' नव्हे, 'मदत करणे' आहे. मदत केली आणि केस गळतच राहिले तरी वाक्य खोटे ठरत नाही. '५० टक्क्यांपर्यंत सूट.' या वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ५० नसून 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आहे, आणि तेच नेमके बारीक अक्षरांत असते. 'अधिक शुभ्र, अधिक ताजे' : कशाहून अधिक? तुलनेचे दुसरे पद गाळलेले आहे. 'अटी लागू' : कर्ता नाही, काळ नाही, अटी कोणत्या तेही नाही. व्याकरण हा रुक्ष विषय आहे अशी तक्रार विद्यार्थी करतात. पण पैसे वाचवणारे व्याकरण याहून दुसरे कोणते?

आणि म्हणूनच आमची एक खंत येथे नोंदवतो. 'उपयोजित मराठी' या नावाखाली शाळा-महाविद्यालयांत जाहिरात-लेखन शिकवले जाते. आकर्षक शीर्षक द्या, घोषवाक्य यमकात हवे, सवलतीचा उल्लेख करा, असे आम्हीच वर्गात सांगतो आणि त्याप्रमाणे गुण देतो. विद्यार्थी या परीक्षेत उत्तम उतरतात, कारण जाहिरातीची भाषा त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. परंतु जाहिरात लिहायला शिकवणारा प्रश्न ज्या पत्रिकेत असतो, त्याच पत्रिकेत जाहिरात वाचायला शिकवणारा प्रश्नही हवा. दिलेल्या जाहिरातीतील क्रियापदे ओळखा. गाळलेले पद कोणते ते सांगा. चित्राने कोणता विश्वास उसना घेतला आहे ते लिहा. एवढे तीन उपप्रश्न घातले तरी पुष्कळ होईल.

हत्ती छाप मागणाऱ्या शेतकऱ्याला आपण निरक्षर म्हणतो. पण तो तागा हातात घेऊन, सूत चिमटीत धरून, पोत तपासूनच पैसे मोजत असे. छाप त्याच्यासाठी ओळख होती, पुरावा नव्हता. आपल्याला अक्षरे येतात. तरीही छाप हाच पुरावा मानण्याची सवय आपल्याला जडली असेल, तर साक्षरतेचा हिशेब एकदा नव्याने मांडावा लागेल.