डिस्कविरहित संगणक व दूरस्थ फाइल-व्यवस्था : दोषशोधनाच्या पद्धतीचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याची कचेरी केळापूर या गावी नसून ती पांढरकवडा येथे आहे. कागदोपत्री तालुक्याचे नाव केळापूर. दप्तर मात्र दुसऱ्या गावी. नाव एका ठिकाणचे आणि वस्तू दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था शासनव्यवहारात नवी नाही. नावापासून वस्तूपर्यंतची वाट जाणत्यास ठाऊक असते, तोवर तीत अडचणही येत नाही. ती वाट कोठे तरी तुटली, म्हणजे मात्र दोष नावात आहे, वाटेत आहे की दप्तरात, याचा शोध घ्यावा लागतो. ज्या संगणकास स्वतःची डिस्क नाही आणि जो आपल्या सर्व फाइली नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडून घेतो, त्याच्या दोषशोधनाचा प्रश्न नेमका याच स्वरूपाचा आहे.

‘माउंट’ हा शब्दच प्रथम पाहण्यासारखा आहे. चुंबकीय फितीचे रीळ किंवा डिस्कचा संच यंत्रावर हाताने चढविणे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो संच यंत्रात कायमचा बसला आणि नंतर यंत्राबाहेर दूरही गेला; शब्द मात्र टिकून राहिला. आज माउंट करणे म्हणजे स्थानिक नावाच्या एका टोकास दुसरीकडील फाइल-व्यवस्था जोडणे.

या जोडणीचा प्रचलित प्रकार सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने घडविला. १९८२ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हेही होते. त्या काळी डिस्क महाग होती. प्रत्येक मेजावरील यंत्रास ती देण्यापेक्षा एका सर्व्हरवर मोठी डिस्क ठेवून इतरांस तीतून वाटा देणे किफायतीचे होते. कंपनीच्या आरंभीच्या यंत्रांत यासाठी ‘नेटवर्क डिस्क’ नावाची योजना होती. तीत सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका यंत्रास दिला जाई. पण अनेक यंत्रांनी एकाच तुकड्यात लिहिणे शक्य नव्हते. हा दोष दूर करण्यासाठी १९८४ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’चे काम हाती घेण्यात आले. रसेल सँडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या उन्हाळ्यात यूझनिक्स परिषदेत तिचा आराखडा मांडला. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम १९८९ साली जाहीर दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

या आराखड्यातील एका निर्णयाचा परिणाम दोषशोधनावर आजतागायत दिसतो. सर्व्हरने ग्राहक-यंत्राविषयी काहीच स्मरणात ठेवावयाचे नाही, असे ठरले. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर ग्राहकाने तीच विनंती पुन्हा करावी म्हणजे झाले. यासाठी सर्व्हर प्रत्येक फाइलीस एक खूण देतो, तिला ‘हँडल’ म्हणतात. हँडल म्हणजे नाव नव्हे. जमिनीच्या एकत्रीकरणानंतर गावच्या नोंदींत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. शेतकरी आपल्या वावरास पूर्वीच्याच नावाने ओळखतो, पण जुना नंबर घेऊन गेल्यास दप्तरात ते वावर सापडत नाही. तसेच येथे घडते. सर्व्हरवरील फाइल काढून त्याच नावाची नवी फाइल ठेवली, किंवा संपूर्ण फाइल-व्यवस्था नव्या डिस्कवर हलविली, की नाव जुळते आणि हँडल मात्र शिळे ठरते. अशा वेळी नाव पुनःपुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. जोडणी सोडून नव्याने करणे हाच उपाय होय.

डिस्कविरहित यंत्राच्या बाबतीत अडचण याहून आधी सुरू होते. स्वतःचा पत्ताही त्यास ठाऊक नसतो. सनच्या यंत्रांत हा क्रम पुढीलप्रमाणे होता. यंत्र आपल्या नेटवर्क-कार्डाचा क्रमांक पुकारून स्वतःचा पत्ता विचारी. नंतर त्या पत्त्याच्या षोडशमान रूपाच्या नावाची आरंभ-फाइल मागवी. त्यानंतर आपल्या मूळ फाइल-व्यवस्थेचे ठिकाण विचारी आणि शेवटी ती माउंट करी. १९२.१६८.१.१० या पत्त्याच्या यंत्रास ‘सी०ए८०१०ए’ या नावाची फाइल हवी असे. त्या नावातील रोमन अक्षरे मोठ्या लिपीऐवजी लहान लिपीत पडली तरी यंत्र थांबे. १९८५ साली बूटपी, १९९३ साली डीएचसीपी आणि १९९९ पर्यंत इंटेलची पीएक्सई पद्धत आली. साधने बदलली, परंतु क्रम बदलला नाही. म्हणून दोषशोधनाचा पहिला नियमही तोच राहिला : शेवटची कोणती पायरी पूर्ण झाली ते निश्चित करावे आणि त्यापुढची पायरीच तपासावी. पत्ता मिळाला, आरंभ-फाइल आली आणि त्यानंतर नेटवर्कच नाहीसे झाले, तर केबलवर संशय घेणे व्यर्थ आहे. आरंभी कार्ड चालविणारा कार्यक्रम कार्डातच असतो. पुढे कर्नेलकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल, तर याच जागी वाट खुंटते.

जोडणी झाली तरी दोन दोष उरतात. पहिला अधिकाराचा. दूरच्या यंत्रावरील सर्वाधिकारी ‘रूट’ यास सर्व्हर साधारणतः अनोळखी मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु डिस्कविरहित यंत्राच्या रूटला स्वतःच्याच मूळ फाइल-व्यवस्थेत लिहिता आले नाही, तर यंत्र अर्ध्यावर अडते. त्या एका यंत्रापुरती, त्या एका फाइल-व्यवस्थेपुरती सूट देणे हा उपाय. सर्वांस मोकळीक देणे हा नवा दोष. दुसरा दोष वाहतुकीचा. जुन्या पद्धतीत ८ किलोबाइटचा मजकूर यूडीपी मार्गाने पाठविला जाई. इथरनेटवर त्याचे ६ तुकडे होत आणि त्यांतील एक जरी हरवला, तरी सर्व मजकूर पुन्हा पाठवावा लागे. त्यामुळे फाइलींची यादी दिसते, लहान फाइल उघडते, मोठी मात्र उघडत नाही, असे विलक्षण लक्षण दिसे. एका खेपेचा आकार घटविणे हा त्यावरील तात्पुरता उतारा. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात टीसीपी मार्ग रूढ झाला, तेव्हा हा दोष मागे पडला.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा वाद मात्र यांत्रिक नाही. सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर ग्राहकाने काय करावे? ‘हार्ड’ जोडणीत तो अनिश्चित काळ वाट पाहतो. पडदा गोठतो, आणि वापरणाऱ्यास यंत्र मेल्यासारखे वाटते. ‘सॉफ्ट’ जोडणीत काही प्रयत्नांनंतर तो चूक झाल्याचे कळवून मोकळा होतो. दुसरा मार्ग सोयीचा दिसतो. पण लिहिणाऱ्या कार्यक्रमाने ती सूचना दुर्लक्षिली, तर फाइल अर्धवट राहते आणि कोणास पत्ताही लागत नाही. ज्या शाळेत एका सर्व्हरवर सारा वर्ग बसतो, तेथे वीज गेल्यावर हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. गोठलेले यंत्र सर्व्हर परतल्यावर पूर्ववत चालू लागते; बिघडलेली फाइल परत येत नाही. डिस्कविरहित यंत्राची मूळ फाइल-व्यवस्था हार्ड पद्धतीनेच जोडावी, हा संकेत या अनुभवातून आलेला आहे.

२००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीने विस्मरणाचे मूळ तत्त्व सोडले. कुलुपे व उघडलेल्या फाइली सर्व्हर आता लक्षात ठेवू लागला. परिणामी तो पुन्हा सुरू झाल्यावर आपला हक्क परत सांगण्यासाठी ग्राहकांना ठरावीक मुदत द्यावी लागते. म्हणजे सोय वाढली, तशी बिघडण्याची एक नवी जागाही वाढली. १९९९ साली जिम मॅकक्विलन यांनी सुरू केलेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने जुन्या संगणकांना डिस्कविना पुन्हा कामास लावले, तेव्हा हे सर्व दोष शाळांच्या प्रयोगशाळांत नव्याने अवतरले. त्यांची लक्षणे पंधरा वर्षांपूर्वीचीच होती. व्यवस्था कोणत्या निर्णयांवर उभी आहे हे ज्यास ठाऊक होते, त्यास ती ओळखीची वाटली. इतरांनी यंत्रे निकामी ठरविली. दोषशोधनास इतिहासाची गरज असते ती याच कारणासाठी.